नसलेल्या हाताचं दुखणं

मी मानसशास्त्रात एम.ए. झाले तेव्हा आमच्या घरात त्याचा नक्की अर्थ कुणालाच लागला नव्हता. वडील लोकांना सांगत, मुलगी डॉक्टरीच्या जवळपासचं काहीतरी शिकली. आई म्हणे, वेड्यांचं काहीतरी आहे, पण मुलगी स्वतः ठीक आहे. मला मात्र अर्थ पक्का ठाऊक होता. माणसाचं मन ही एक कुलूपबंद खोली आहे आणि तिची किल्ली पुण्यात फक्त दोघांकडे आहे, एक आमचे प्राध्यापक आणि दुसरी मी, असं मी धरून चालले होते. साठीचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मी चोवीस वर्षांची होते. त्या वयात एवढा गैरसमज चालून जातो.

प्राध्यापक दोन वर्षं विलायतेत राहून आले होते. तिथून त्यांनी एक पाइप आणला होता आणि एक मत आणलं होतं: शरीराच्या दुखण्यात निम्मा वाटा मनाचा असतो आणि डॉक्टरांना त्याचा पत्ता नसतो. मत चांगलं होतं. पाइप मात्र कधी नीट पेटलेला मी पाहिला नाही. त्यांनी कुठल्याशा धर्मादाय मंडळींच्या गळी उतरवून मला मुळशी तालुक्यात, पौडच्या एका लहान दवाखान्यात दर गुरुवारी जायचं काम मिळवून दिलं. खेड्यातल्या जखमी आणि आजारी माणसांच्या मनावर उपचार करायचे आणि टिपणं प्राध्यापकांना आणून द्यायची. उपचार माझे, टिपणं त्यांची, अशी विभागणी होती.

सकाळची एस.टी. पकडून मी बावधनवरून, पिरंगुटवरून पौडला उतरायची. हातात चामडी पिशवी, पिशवीत शाईच्या डागांची दहा चित्रं, एक प्रश्नावली आणि एक जाड इंग्रजी पुस्तक. दवाखान्यातले डॉक्टर पन्नाशीचे, चिडके आणि कामसू होते. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी पिशवी उघडायला लावली.

"यात औषध कुठंय?" त्यांनी विचारलं.

"माझ्या उपचारात औषध नसतं," मी ऐटीत म्हणाले.

"मग बरंय. संपायची भीती नाही."

त्यांनी मला मागची सामानाची खोली दिली. तिथे मलेरियाच्या फवारणीचे पंप, रिकाम्या बाटल्या आणि एक मोडकं बाक होतं. पहिले तीन गुरुवार माझ्याकडे कुणीही आलं नाही. चौथ्या गुरुवारी डॉक्टरांनी स्वतः दार ढकललं आणि एका माणसाला आत घातलं.

"हा घ्या तुमचा पेशंट. आठ महिन्यांमागं भाताच्या गिरणीच्या पट्ट्यात उजवा हात गेला. कोपराखाली काही नाही. जखम मस्त भरलीय. आणि हा म्हणतो, हात दुखतो! कुठला, तर नसलेला. उद्या नसलेल्या म्हशीचं दूध काढेल."

माणूस चाळिशीचा, जवळच्या चांदे गावचा शेतकरी, अंगानं भरलेला. तरुणपणी तालमीत गेलेला असावा, मान तशी होती. त्याच्या मागून त्याची बायको आली आणि पंपांशेजारी जमिनीवर बसली. तिच्याकडे मी पाहिलंही नाही. पेशंट तो होता.

"काय होतं तुम्हाला?" मी विचारलं.

"मूठ आवळलीया," तो खाली, रिकाम्या बाहीकडे बघत म्हणाला. "नखं तळव्यात रुतत्यात. सोडाया जातो, सुटत न्हाई. बाई, मला ठावं हाय हात न्हाई. मी आंधळा न्हाई. पर दुखतुया."

मी मनातल्या मनात उडी मारली. हे लिहायला लाज वाटते, पण दुसऱ्याच्या वेदनेनं मला इतका आनंद त्याआधी कधी झाला नव्हता. तुटलेल्या अवयवाच्या वेदनेवर माझ्या जाड पुस्तकात अख्खं प्रकरण होतं आणि ते प्रकरण स्वतःच्या पायांनी चालत पौडला आलं होतं. पुण्यात प्राध्यापकांना सांगितलं तर त्यांनी पाइप तोंडातून काढला. "उत्तम केस!" ते म्हणाले. "पद्धतशीर जा. आधी चाचण्या."

पद्धतशीर गेले. पुढच्या गुरुवारी शाईच्या डागाचं पहिलं चित्र त्याच्यासमोर धरलं. "यात तुम्हाला काय दिसतं?"

"शाई सांडलीया."

"नीट पाहा. आणखी काय दिसतं?"

"लई सांडलीया."

दुसऱ्या चित्रात लाल रंगही होता. तो म्हणाला, "ही तांबडी बी सांडली." पाचव्या चित्रापर्यंत त्याला माझी कीव आली. "बाई, दौतीला बूच लावत जावा," तो समजुतीनं म्हणाला. मी वहीत लिहिलं: कल्पनाशक्ती बेताची, प्रतिकार तीव्र.

तेवढ्यात मागून आवाज आला. "खेकडा हाय त्यो. आनि वर दोन बाया भांडत्यात."

बायको मान उंचावून चित्र बघत होती. मी तिला गप्प केलं. "तुम्ही नाही बोलायचं. परीक्षा यांची आहे." तिनं पदर ओढून घेतला आणि ती पुन्हा पंपांकडे तोंड करून बसली.

मग प्रश्नावली. प्राध्यापकांनी ती स्वतः इंग्रजीतून मराठीत आणली होती, म्हणजे निम्म्या वाटेत सोडून दिली होती. "उद्वाहकात अपरिचित व्यक्तींच्या समवेत असताना आपणांस अस्वस्थता जाणवते काय?" उद्वाहक म्हणजे लिफ्ट, हे मला स्वतःला कोशात पाहून कळलं होतं. पौडात चढायला एक जिना होता, तोही कचेरीचा. पेशंटनं बराच विचार केला. "समवेत म्हंजी काय करायचं आसतं?" त्यानं विचारलं. मी पुढचा प्रश्न घेतला. "सामाजिक समारंभात आपणांस एकाकी वाटते काय?" तो म्हणाला, "समारंभ म्हंजी लगीन का तेरावं, ते आधी सांगा." अशा छप्पन्न प्रश्नांना दोन गुरुवार गेले. निष्कर्ष निघाला की माणूस साधारण ठीक आहे आणि त्याचा हात दुखतो. एवढं तो पहिल्या दिवशी एका वाक्यात म्हणाला होता.

शेवटी उपचाराची पाळी आली. पुस्तकातली पद्धत अशी: माणसाला आडवं करायचं, पावलापासून डोक्यापर्यंत एकेक स्नायू आवळायला लावायचा, मग सैल सोडायला लावायचा. शरीर सैल पडलं की मनातला ताण उतरतो, ताण उतरला की वेदनेची धार कमी होते. तुटलेल्या हाताच्या बाबतीत चांगल्या हाताची मूठ आवळून सोडायची आणि दुसरीही तशीच सुटतेय अशी कल्पना करायची. मी त्याला बाकावर झोपवलं, आवाज मऊ केला आणि म्हणाले, "आता आपली पावले हळूहळू शिथिल करा."

"शितल?"

"शिथिल."

"ढिल्ली सोडा म्हंत्यात," मागून बायको म्हणाली.

त्यानं सोडली. "आता पोटऱ्या आकुंचित करा," मी म्हणाले. मागून आलं, "आवळून धरा." असं गुडघ्यापर्यंत चाललं. मांड्यांपर्यंत आले आणि मला खोकल्याची उबळ आली. धूळ होती खोलीत. मी खोकत बाहेर गेले, पाणी प्यायले, परत आले तर बायको बाकाच्या डोक्याशी उभी होती. सपाट, कंटाळलेल्या आवाजात ती त्याला सांगत होती, "डाव्या हाताची मूठ आवळा. आवळली? आता सोडा. बोटं मोकळी करा. आता त्या दुसऱ्याची बी सोडा. सोडा म्हंते न्हवं. धरून काय मिळायचंय?"

तो घोरायला लागला. हात गेल्यापासून तो असा गाढ झोपला नव्हता, असं तिनं नंतर सांगितलं. मी वहीत लिहिलं: शिथिलीकरणास उत्तम प्रतिसाद. खाली लिहिलं: पत्नी डावखुरी, सहकार्य करणारी.

डावखुरी हा माझा शोध होता. ती पदर डाव्या हातानं सारखा करी, पिशवी डाव्या हातानं उचली. माझं निरीक्षण फार बारीक असल्याचं प्राध्यापक म्हणत. पुढच्या गुरुवारी डॉक्टरांनी तिच्यापुढे नवऱ्याच्या औषधाची बाटली आणि बूच धरलं. तिनं बाटली डाव्या हातात घेतली आणि बूच दातांत धरून लावायला लागली. उजवा हात मांडीवर पडून होता, कुणी विसरून गेल्यासारखा.

"उजवा हात वापरा की," मी म्हणाले.

"उचलत न्हाई."

"म्हणजे? तुम्ही डावऱ्या नाही?"

"न्हाई जी. ह्यो पडलाय. ह्येंचा हात गेला तवापासनं."

डॉक्टरांनी तो हात वाकवून, टोचून पाहिला. हाड शाबूत, शिरा शाबूत, सूज नाही. "काही झालेलं नाही हिला," ते म्हणाले. "सोंग. एकाच घरातली दोन." आणि बाहेरच्या रांगेकडे गेले.

माझ्या पुस्तकात याचंही प्रकरण होतं. मनातला घोर शरीरावर उतरतो, डोळे असून दिसत नाही, जीभ असून बोलता येत नाही, हात असून उचलत नाही. ते प्रकरण मी परीक्षेसाठी लाल पेन्सिलीनं रेघा ओढून पाठ केलं होतं. आणि कित्येक गुरुवार ते माझ्यापासून दोन हातांवर, पंपांशेजारी पदर घेऊन बसलं होतं, आणि मी त्याला सांगत होते, तुम्ही नाही बोलायचं.

नवऱ्याला मी एस.टी. स्टँडवर चहा प्यायला पाठवलं आणि दार लोटून घेतलं. तिला बाकावर बसायला सांगितलं. ती बसेना. शेवटी मीच खाली बसले. तिच्या ते पसंतीस उतरलं नाही, पण तिनं तोंड उघडलं.

"बाई, त्येंचा हात म्या तोडलाय."

"तुम्ही कसा तोडाल? पट्ट्यात गेला ना?"

तिनं सांगितलं ते मी तिच्याच चालीनं सांगते, कारण माझ्या वहीतली भाषा त्याला पुरत नाही. भाकरी करपली की हात. गाय उशिरा आली की हात. पावसानं खाचर फुटलं की हात, जसं काही पाऊस हिनंच आणला. चौदा वर्षं. दर वेळी ती आत जाऊन चुलीपुढं बसायची आणि तोंडातल्या तोंडात म्हणायची, ह्यो हात झडू दे. त्या दिवशी सकाळी कानाखाली बसली ती अशी, की कानात कितीतरी वेळ शिट्टी वाजत होती. त्या दिवशी ती मोठ्यानं बोलली. तो पोती घेऊन गिरणीकडे निघाला होता, त्याच्या पाठीवर तिनं कडाकडा बोटं मोडली. दुपारी माणूस पळत सांगत आला.

"ह्याच हातानं मोडली," ती उजव्या हाताकडे बघत म्हणाली. "सांजंला पानी आनाया हंडा उचलाया गेले, तर ह्यो उठंना."

मी घसा साफ केला. "हे पाहा, तुमच्या मनात अपराधगंड निर्माण झालाय."

"गंडा? बांधलाय की." तिनं डाव्या हातानं उजव्याची बाही वर केली. दंडाला काळा दोरा बांधला होता. "देवरुश्याकडनं आनला. गुन न्हाई."

अशा वेळी काय बोलावं याचं उत्तर पुस्तकात शोधायला मला फार आवडलं असतं. पण पुस्तक पिशवीत होतं आणि ती बाई समोर. माझ्या तोंडून जे निघालं ते शास्त्र नव्हतं, निव्वळ वैताग होता.

"रोज म्हणत होता ना तुम्ही? चौदा वर्षं?"

"रोज. कदी दोनदा."

"मग चौदा वर्षं का नाही झडला?"

तिनं डाव्या हाताच्या बोटांवर काहीतरी मोजलं.

"व्हय की," ती म्हणाली. आणि मग स्वतःशीच, "गेल्या साली त्याच पट्ट्यानं दुसऱ्या येकाची दोन बोटं न्हेली. त्येचं तर लगीन बी झालं न्हाई." मग तिनं डावा हात हवेत गोल फिरवला. "पट्ट्याला झाकन न्हाई, बाई. म्या सोता बगितलंय. उघडा फिरतुया."

आणि ती हसायला लागली. आधी पदराआड, मग पदर सोडून, मग इतकी की डोळ्यांतून पाणी आलं आणि ते हसण्याचं राहिलं नाही. ती रडत होती तेवढा वेळ मी काही लिहिलं नाही. त्या वर्षातली माझी ही एकच शहाणी कृती मला आठवते.

हात तिथल्या तिथे उठला असं सांगायला मला आवडेल. मीही वाट पाहत होते, वाट पाहण्यात माझी एस.टी. चुकली. उठला नाही. बोटं हलली, एवढंच. पुढच्या गुरुवारी कमरेपर्यंत आला. त्याच्या पुढच्या गुरुवारी ती आली, नेहमीच्या जागी बसली, आणि सुटलेला अंबाडा दोन्ही हातांनी, न बघता, बांधून टाकला. काळा दोरा दंडाला नव्हता.

मी धावत प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं, पाइप झटकला आणि म्हणाले, "पत्नीला बाजूला ठेवा. आपली केस पुरुषाची आहे. मिसळ झाली की निष्कर्ष गढूळ होतो." मी मारहाणीचा विषय काढला. "तो घरगुती भाग झाला," ते म्हणाले. काही महिन्यांनी विद्वानांच्या एका सभेत त्यांनी तुटलेल्या हाताच्या वेदनेवर निबंध वाचला. फार वाखाणला गेला. त्यात पेशंटची अडीच पानं होती, शिथिलीकरणाची चार, आणि पत्नीचं एक वाक्य: पत्नीचे सहकार्य लाभले. आभारांच्या यादीत माझं आडनाव चुकलं होतं. आम्हा दोघींत त्या बाईची गत त्या मानानं बरी, तिचं नाव मुळात नव्हतंच.

पेशंटचं दुखणं मात्र खरंच उतरत होतं. ती रोज सकाळी त्याला ओसरीवर आडवं करी आणि हुकूम सोडी. आवळा. सोडा. धरू नका. चौदा वर्षांत त्यानं तिचं एकही सांगणं ऐकलं नसेल, आता वेदनेपायी रोज अर्धा तास मुकाट ऐकत होता. तीन बोटं सुटली, असं त्यानं मला सांगितलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं अजून धरून होती, विशेषतः ढगाळ हवेत.

भात निसवायला, म्हणजे लोंब्या धरायला, आलं त्या सुमारास एका गुरुवारी ती औषधाच्या रांगेत असताना तो एकटाच माझ्या खोलीत आला. दार लोटलं. बराच वेळ फेट्याचं टोक चाचपत राहिला.

"बाई, येक इचारू? तुमी शिकलेल्या."

"विचारा."

"बाईमानसाचा शाप लागतो का वो?"

"का? काय झालं?"

"न्हाई, असंच." त्यानं दाराकडे पाहिलं. "परवा डावा उगारला म्या. ताकाचं गाडगं सांडलं म्हनून. ती काय बोलली न्हाई. निस्ती माझ्या हाताकडं बगत बसली. आनि बोटं जुळवली अशी. मोडली न्हाईत. निस्ती जुळवली."

"मग?"

"मग काय. डावा येकच उरलाय, बाई."

मी मानसशास्त्राची पदवीधर. शाप ही अंधश्रद्धा आहे, पट्टा हा पट्टा आहे, हे मी त्याच्या बायकोला त्याच खोलीत पटवून दिलं होतं. रुग्णाला सत्य सांगावं असं माझ्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात होतं. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"निश्चित सांगता येत नाही," मी म्हणाले. "आमच्या शास्त्रात यावर संशोधन अजून व्हायचंय."

त्यानं गंभीरपणे मान हलवली. "म्हंजी लागत आसंल."

"काळजी घेतलेली बरी," मी म्हणाले.

तो गेल्यावर ती आत आली, बाटली पिशवीत टाकली. तो काय बोलून गेला ते तिनं विचारलं नाही. जाताना उंबऱ्याशी वळली. "बाई, शाप लागत न्हाई म्हून तुमी मला सांगितलंसा ते लई ब्येस झालं. पर त्यास्नी नगा सांगू."

"नाही सांगितलं," मी म्हणाले.

कापणी लागल्यावर ती दोघं यायची थांबली. मी धरून चालले होते की संपलं. पण थंडीत एका गुरुवारी ती एकटीच आली. म्हणजे एकटी नाही, बरोबर गावातल्या दोन बाया होत्या. एकीची कंबर वर्षभर धरलेली, दुसरीला जेवायला बसली की घास गिळवत नसे. डॉक्टरांचं दोघींनाही तांबडं औषध देऊन झालं होतं.

"म्या भायेर बसते," ती मला म्हणाली. "ती चित्रं नगा दावू. घरात काय व्हतं त्येवढं इचारा."

विचारलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी चौघी आल्या, मग सहा. डॉक्टर वैतागले. "बायकांचा बाजार भरवलाय," ते म्हणाले. पण त्यांच्या बाहेरच्या रांगेतली डोकेदुखी आणि पोटदुखी कमी व्हायला लागली तसे ते गप्प बसले. फक्त एका गोष्टीवर ते अडून बसले. दवाखान्याच्या रजिस्टरात प्रत्येक पेशंटपुढे रोगाचं नाव लिहिलंच पाहिजे, वरून तपासणी होते. मी त्यांना विचारलं, नवऱ्याच्या हाताला काय म्हणू? सासूच्या तोंडाला? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पेन पुढे केलं आणि म्हणाले, "सांधेदुखी लिहा. त्याला कुणी विचारत नाही."

ते वर्ष संपेपर्यंत मी पौडच्या रजिस्टरात सांधेदुखीच लिहीत होते.